निळ्या रिमची सायकल

माझ्या बाबांना वस्तू वापरवत नसत. टीव्हीच्या रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी रिमोट बिघडला तरी निघाली नाही. माझ्या पहिल्या पगाराचा स्वेटर लग्नकार्यात घालू म्हणून पेटीत राहिला आणि कसरीने खाल्ला. नव्या चपला ते पिशवीत घालून पाव्हण्यांच्या गावापर्यंत नेत आणि वेशीत पोचल्यावर पायात घालत. आज हे मी हसत सांगते. ते होते तेव्हा मात्र माझा नुसता संताप व्हायचा, आणि सगळ्यात जास्त संताप झाला तो सायकलच्या ब्रेकवरून.

बाबा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. पाण्याची पाळी आली की कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला, कधी पाणी सोडायचं, कुठलं दार किती उघडायचं, हे पाहत दिवसभर कालव्याच्या काठाने सायकल हाणायची, हे त्यांचं काम. सायकल काळी आणि जड. तिच्या ब्रेकला तारेऐवजी लोखंडी सळ्या होत्या. ब्रेक दाबला की रबर वर ओढलं जायचं आणि रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने टेकायचं. रिमच्या दोन्ही कडा मोकळ्या राहायच्या. त्या कडांना बाबा दर रविवारी जवसाच्या तेलाचं फडकं मारत, गंज चढू नये म्हणून. आमच्याकडे सगळेच मारत. ब्रेकला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. शिवाय आमचा मुलूख धानाचा, सगळीकडे सपाट बांध्या. ब्रेक लागतोय कुणाला? पाय टेकवला की झालं.

आमचं गाव केशोरीच्या अलीकडे. गावात शिरायचा रस्ता एकच, आणि तो मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, घरासमोरून जातो. आजोबांच्या काळी आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाने त्या घरासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, असा रिवाज होता. घराअलीकडची विहीर आली की खाली उतरायचं, सायकल हाताने ढकलत पलीकडच्या पिंपळापर्यंत चालायचं आणि मग पुन्हा बसायचं. आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, पण विहिरीपाशी उतरणं त्यांना सोडवलं नाही. पुढे कुणी म्हणेनासं झालं तरी ते उतरत. विचारलं तर म्हणत, "सवय हाय."

बाबांना नोकरी लागली, स्वतःची सायकल आली, आणि पहिल्याच दिवशी ते विहिरीपाशी उतरले नाहीत. ओसरीवर बसलेले म्हातारे मालगुजार मोठ्याने खाकरले. बाबांनी घंटी वाजवली आणि पुढे गेले. घडलं ते इतकंच. कुणी अंगावर आलं नाही, पंचायत बसली नाही. पण त्या दिवसापासून विहीर दिसली की बाबा जोरात पायडल मारायला लागत, ते पिंपळ मागे पडेपर्यंत. समोरून बैलगाडी येवो, ट्रॅक्टर येवो, वेग कमी होत नसे. आई म्हणायची, "तेथी जोर काढते, न घरी येऊन धापा टाकते." बाबांनी उपास-नवस सगळं सोडलं होतं. हा एक नेम मात्र त्यांनी मरेपर्यंत पाळला असता.

त्या म्हाताऱ्या मालगुजारांचा मुलगा बाबांच्याच वयाचा. बाप गेल्यावर तो त्या घरात राहिला. दोघांचं आयुष्यभर बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं. बाबांनी त्याच्या बांध्यांना पाणी कधी कमी दिलं नाही आणि कधी जास्तही दिलं नाही.

रिटायर झाल्यावर बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि ती जड सायकल त्यांना ओढवेना. तेव्हा मी फुलचूरला राहत होते, गोंदियातल्या एका सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांना बोलावून घेतलं आणि सायकलच्या दुकानात नेलं. मला पटकन घेऊन मोकळं व्हायचं होतं. बाबा मात्र प्रत्येक सायकलभोवती फेरी मारत होते. एका सायकलपाशी ते थांबले ते थांबलेच. तिच्या दोन्ही चाकांच्या रिमा निळ्या होत्या. निळा म्हणजे आमचा निळा, जयंतीच्या झेंड्याचा, विहाराच्या दाराचा.

दुकानदार प्रामाणिक होता. गोंदियातल्या रिवाजाप्रमाणे हिंदीत म्हणाला, "काकाजी, ये शो का रिम है. जहाँ ब्रेक लगता है वहाँ भी पेंट मारा है. इस दूसरे में देखो, वो पट्टी मशीन से साफ की हुई है, नंगी है. ब्रेक वहीं पकड़ता है. इस नीले का तो रंग निकल जायेगा, और जब तक रंग है, पकड़ेगा भी कम."

"कैसे निकल जायेगा?" बाबा म्हणाले. "हम संभालेंगे."

संभालेंगे! तिथेच माझ्या कपाळावर आठी यायला हवी होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचितच पाहिला होता, आणि रंग गेला तर गेला, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. सायकल बसच्या टपावर चढली आणि गावी गेली.

पहिल्या संध्याकाळी सगळा मोहल्ला सायकल पाहायला जमला. बाबांनी फेरी मारली आणि विहारापाशी येऊन ऐटीत ब्रेक दाबला. या सायकलचे ब्रेक तारेचे. त्यांची रबरं रिमला आतून टेकत नाहीत, दोन्ही कडांना चिमट्यासारखी धरतात. बाबा खाली उतरले आणि वाकले. रबरांवर निळी पूड बसली होती आणि रिमच्या कडेला बारीक ओरखडा उठला होता. पोर पडल्यावर गुडघा पाहावा तसा त्यांनी तो बोट फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी पान्याने तार सैल करून त्यांनी रबरं रिमपासून लांब केली. रविवार आल्यावर नेहमीसारखं जवसाचं तेल घेतलं आणि निळ्या कडांना चोळलं.

पुढच्या महिन्यात मी गावी गेले तेव्हा अंगणात सहज ब्रेक दाबून पाहिला. दांडी हँडलला टेकली तरी चाक फिरतच राहिलं.

"काऊन सैल केला बाबा?"

"रबर घासून राहिला ना."

"घासणारच. त्याचं कामच आहे ते."

"मंग रंग जाते."

"जाऊ द्या ना. रंग गेला की खालचं अल्युमिनियम उघडं पडेल आणि ब्रेक चांगला लागेल. आणि ते तेल तरी कशाला लावता? ब्रेक त्याच जागी धरतो आता."

"तेलानं चमक राहते," बाबा म्हणाले. मग जरा आवाज चढवून, "निळा खरवडून मी गावातून फिरू? थ्या घरासमोरून?"

मी म्हटलं, सायकलच्या दांडीला निळा रंग मारून घेऊ, हवा तितका, तिथे ब्रेक लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "दांडी कोन पायते? चाक फिरते तवा दिसते."

मी पक्कड घेऊन तार ताणली, फडक्याला साबण लावून तेल पुसलं, आणि तो ब्रेक सैल करायचा नाही म्हणून दम दिला. ते हो म्हणाले. मला बसवर सोडायला आले, वाटेत खायला बोरं दिली, हात हलवला. बस अर्जुनीला पोचायच्या आत आईचा फोन आला की बाबा पाना शोधून राहिले. हे असं दर खेपेला. मी ताणायचे, ते सैल करायचे. मी पुसायचे, ते चोळायचे. थांबायचं असेल तेव्हा ते डावा पाय खाली सोडून जमिनीवर घासत. ब्रेकची रबरं नवीच्या नवी आणि डाव्या चपलेची टाच कागदासारखी. आई म्हणायची, "तुया बापाले चपला पुरवता पुरवता मी थकलो." आमच्याकडच्या जुन्या बाया स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात.

मी चिडायचे त्यामागे भीती होती. बाबा पडतील आणि सायकल सुटेल. सायकल सुटली की हा माणूस खाटेवर बसणार, आणि खाटेवर बसला की संपला. आईला आणि मला, दोघींनाही हे ठाऊक होतं. कालव्याचं पाणी आता दुसरंच कुणी सोडत होतं, पण बाबा अजूनही रोज सकाळी कालव्यापर्यंत जाऊन दारं पाहून येत. कुणी विचारलं नाही तरी पाणी किती आहे ते सांगत. तेवढ्यावर त्यांचा दिवस उभा होता.

अशी काही वर्षं गेली. धानाच्या कापणीचे दिवस होते. आमच्याकडे मळणी झाली की लोक धान वाळवायला रस्त्यावरच पसरतात, डांबर तापतं म्हणून. अर्धा रस्ता धानाचा आणि अर्धा रहदारीचा. मालगुजारांच्या घरासमोरही धान पसरलेलं होतं आणि तो मुलगा, म्हणजे आता म्हाताराच, पायाने धान उलटवत रस्त्याकडे पाठ करून चालत होता. त्याला ऐकू कमी येऊ लागलं होतं. मुलं नागपूरला, घरात एकटा.

बाबा कालव्यावरून परतत होते. विहीर आली आणि त्यांनी सवयीने जोर काढला. त्याच वेळी म्हातारा धान उलटवत उलटवत मोकळ्या अर्ध्या रस्त्यावर आला. बाबांनी घंटी वाजवली. तो वळला नाही. पुन्हा वाजवली. मग बाबांनी पाय सोडला, पण पायाखाली धान, चप्पल सरसर घसरली. तेव्हा कुठे त्यांनी ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी, दांड्या हँडलला टेकेपर्यंत. सैल तार आणि कडांना जवसाचं तेल. मासोळी हातातून निसटावी तसं चाक रबरांमधून निसटत राहिलं. त्यांनी हँडल वळवलं आणि नालीच्या सिमेंटच्या काठावर आदळले. म्हाताऱ्याला धक्काही लागला नाही. खुब्याचं हाड मोडलं ते बाबांचं.

गावातल्या पोरांनी त्यांना गाडीत घातलं. आधी अर्जुनी, मग गोंदिया. मी दवाखान्यात पोचले आणि त्यांना पाहून आधी रडले आणि मग भांडले. ते कळवळत होते, तरी मी भांडले. दुसऱ्या दिवशी, तोवर येऊन पोचलेल्या माझ्या भावाला त्यांच्याजवळ बसवून मी आईबरोबर गावी गेले, कपडे आणि अंथरूण आणायला.

आम्ही कपडे बांधत होतो, तेवढ्यात बाहेर गलका थांबला. मोहल्ल्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दारात जाऊन पाहिलं तर तो म्हातारा येत होता. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल आहे की नाही ते आठवत नाही. बाबांची सायकल हाताने ढकलत तो आमच्या गल्लीतून चालत येत होता, आणि दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी राहून पाहत होती. निळी चाकं हळूहळू फिरत होती.

त्याने सायकल आमच्या कुंपणाला टेकवली. एक पायडल वाकून आत गेलं होतं.

"चक्के साबूत हायत," तो आईला म्हणाला. "पायडल गेला. मले आयकू येत नाई बाई. घंटी वाजवली असन त्यानं."

आई म्हणाली, "या ना. बसा."

 माझ्या डोळ्यांपुढे आजोबा होते. त्यांना जाऊन वर्षं झाली होती. त्यांनी हे पाहायला हवं होतं, आणि ते नाहीत म्हणून मला या माणसाचा राग येत होता, जणू त्यानेच उशीर केला. तो ओट्याच्या कडेवर टेकला, आईने दिलेलं पाणी प्याला, पेला स्वतः विसळून ठेवायला निघाला तेव्हा आईने तो हातातून घेतला. मग आला तसा चालत गेला.

मी स्वतःला समजावलं की यात काही विशेष नाही. पायडल वाकलेलं, म्हणजे ढकलतच आणावी लागणार. या वयात त्याला सायकलवर बसता तरी येतं की नाही कोण जाणे. उगाच गोष्ट करू नये.

पण दवाखान्यात गेल्यावर मी ती सांगितलीच. बाबांचा पाय वजन लावून ताणून बांधला होता. त्यांनी आधी विचारलं, "निळा गेला का?"

"नखाएवढा. एकाच जागी."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "घरी कोनं आनली?"

मी सांगितलं. त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. "बसून आनली?"

"नाही. हाताने. चालत."

"मागच्या पांदनीतून?"

"समोरून. विहिरीपासून आपल्या दारापर्यंत. पायडल वाकलं होतं बाबा, म्हणून."

पायडलचं त्यांनी ऐकलं नाही. सोयीचं नसलेलं ते कधीच ऐकत नसत.  त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे गेलं आणि ते पुसायला हात वर येईना, तेव्हा मी पुसलं. मला वाटलं आता आजोबांचं नाव निघेल. पण ते म्हणाले, "त्याले सांगजो बाई. उतराचं काम नव्हतं. आपल्या मोहल्ल्यात कोनाले उतरा लागत नाई."

निरोप मी लगेच पोचवला नाही. तो त्यांना खरं तर स्वतः द्यायचा होता, हे मला नंतर कळलं. घरी आल्यावर त्यांनी खाट दाराशी, रस्ता दिसेल अशी घालायला लावली. पण तोवर त्या म्हाताऱ्याला त्याचा मुलगा नागपूरला घेऊन गेला होता. येईल, धान विकायला तर येईल, बाबा म्हणायचे. खुब्याचं हाड नीट बसलं नाही. काठी घेऊन संडासपर्यंत जायचे, तेवढंच. सायकल समोर उभी करून ठेवायला लावायचे आणि रविवारी खाटेवर बसूनच हात पोचेल तेवढ्या रिमला तेल चोळायचे. मी चाक फिरवून द्यायचे, म्हणजे सगळीकडे हात पोचेल. आता त्यावरून भांडायचं काय राहिलं होतं? भांडायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

ते गेले. जलदान विधी झाला आणि आईला माझ्याकडे आणायचं ठरलं. सायकलचं काय, असा प्रश्न आला. ती कुणाला देववेना, म्हणून फुलचूरला न्यायचं ठरवलं. पायडल भावाने आधीच बदलून ठेवलं होतं. मी तार ताणली, साबणाच्या फडक्याने दोन्ही रिमा पुसल्या. ते तेल बाबांच्या हातचं शेवटचं होतं. फडकं मी धुतलं नाही, तसंच बांधून ठेवलं आहे. मग सायकल बसथांब्यापर्यंत चालवत निघाले. कितीतरी वर्षांनी सायकलवर बसले होते, पन्नाशी उलटलेली बाई, पण कुणी हसलं नाही.

मालगुजारांच्या घराची खिडकी उघडी दिसली. म्हणजे म्हातारा आला असणार. जोर काढायचा की काय, पायांना कळेना. आमच्या घरातलं कुणीही त्या दारासमोर सायकलवर बसून थांबलं नव्हतं. आजोबा उतरून चालत गेले, बाबा न थांबता गेले. मी ब्रेक दाबला. कर्रकन आवाज झाला आणि सायकल जागच्या जागी थांबली. सायकलवरून न उतरताच, एक पाय टेकवून मी हाक मारली.

खिडकीत एक रंगारी आला. हातात ब्रश होता. "कोन पायजे?"

मी सांगितलं.

"थे तं नाई आता. पोळ्याच्या आधीच वारले, नागपूरले. पोरानं घर विकाले काढलं हाय, म्हनून रंग मारून राहिलो."

मी बरं म्हटलं. खाली पाहिलं तर ब्रेकच्या रबरांवर निळी पूड होती आणि रिमच्या कडेला खालचा पांढरा धातू उघडा पडला होता. आता ब्रेक चांगला लागतो. फुलचूरच्या वळणावर, गर्दीत, पावसातसुद्धा. निळा जवळजवळ सगळा गेला आहे, आणि बाबांचा निरोप अजून माझ्यापाशीच आहे.